मोहरीची उशी

माय,

आज वॉर्डात मी भांडले. कामरगावच्या एका आजीने सातव्या महिन्यात जन्मलेल्या नातवाच्या डोक्याखाली मोहरीची उशी सरकवली, डोकं गोल व्हावं म्हणून. बाळाची मान पुढे दुमडली, ऑक्सिजनचा आकडा घसरला आणि मशीन ओरडायला लागलं. आमच्या नव्या नर्सने उशी काढून भिरकावली. "मारून टाकता काय लेकराले? समजत नाही तं हात कायले लावता?" आजी रडायला लागली, आणि माझं डोकं फिरलं. उशी काढली ते बरोबरच, पण त्या बाईला नीट सांगायला तोंड दुखतं का? हनुवटी छातीला टेकली की एवढ्याशा जिवाची श्वासनळी दबते, शेतातला पाइप दुमडला की पाणी थांबतं तशी. मी डॉक्टरांना विचारून बाळाला पालथं केलं, तोंड एका बाजूला वळवलं, आणि आजीला आकडा चढताना दाखवला. इथे मशीन लावलेलं आहे म्हणून पालथं, घरी मात्र उताणंच निजवायचं, हेही दोनदा सांगितलं. पाच मिनिटं लागली. तेवढीही कुणाकडे नसतात.

तुझ्यासाठी कुणाकडे होती? चौदा वर्षांपूर्वी याच वॉर्डात माझी लेक होती, अशीच अपुऱ्या दिवसांची. तू मेडशीहून एसटीने आलीस, जुन्या लुगड्याच्या मऊ कापडात मोहरी भरून उशी शिवून आणलीस आणि माझ्या हातात दिलीस. "डॉक्टरले इचारून ठेवजो," एवढंच म्हणालीस. मी कुणाला विचारू? मीच इथली नर्स. मी उशी ठेवली आणि दुधाची वाटी आणायला वळले. मागे मशीन वाजायला लागतं. इन्चार्ज सिस्टर धावत येते, पोरीची मान सरळ करते, खांद्याखाली कापडाची घडी सरकवते आणि उशी हातात धरून विचारते, "कोणं ठेवली हे?" मी वाटी पुसत राहते. तू पदर सावरतेस. "म्या ठेवली, बाई. चुकलं."

काहून म्हणालीस असं? त्या बाईने तुला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं, तीन दिवस आत येऊ दिलं नाही. तू बाहेर पायरीवर बसून राहिलीस आणि मी आत तिच्याबरोबर चहा प्यायले. तिचा राग येतो, तुझाही येतो. माझी नोकरी वाचवायची तुला कुणी सांगितलं होतं? तू घरी आल्यावर एकदा तरी मला बोलायचं होतंस. बोलली नाहीस, आणि तुला जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

आज त्या आजीला धीर द्यावा म्हणून मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "रडू नका, माह्या मायनंही असंच केलं होतं." ती नर्सही ऐकत होती. घरी लेकीलाही हेच माहीत आहे, ती हसून सांगते मैत्रिणींना. हे पत्र निदान तिला वाचून दाखवावं म्हणून लिहायला बसले होते. ती आता शेजारच्या खोलीत अभ्यास करते आहे, आणि मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवते आहे.