वीरपर्यंत अकरा जणं

५ एप्रिल, रविवार

अकरा सीटा. एक नाही, दोन नाही – अकरा, आणि त्याही कन्फर्म!

दासगाववरून भिकाजीमामांचा फोन होता. स्नेहलचे बाबा, माझे होणारे सासरे. साखरपुडा १० मेला धरलाय. "मुंबईवरनं आमची अकरा माणसं यायची हायत, वीर स्टेशनपर्यंत. दोघं म्हातारी हायत, त्यांना खालच्या सीटा बघ. तुझ्या हातातलंच काम हाय." मी "हो मामा" म्हटलं. त्यांच्या मागून कोणीतरी बोललं, "जावई रेल्वेत असल्यावर तिकिटाला काय तोटा."

जावई रेल्वेत नाही. जावई कलकत्त्याच्या रस्त्यावर आहे. ठेकेदाराकडे. बंद पडलेल्या ट्रामचे रूळ उखडतो. हे दासगावात कोणाला माहीत नाही. पोलादपुरात आमच्या घरी पण नाही.

६ एप्रिल, सोमवार

दिवसभर ब्रेकर, रस्ता फोडायचं मशीन. हात अजून थरथरतोय, अक्षर बघा कसं येतंय. रूळ दगडात असा बसलाय की जसा काय तिथंच उगवला. एका बाजूने बसवाले हॉर्न मारतात, दुसऱ्या बाजूने मिठाईवाला ओरडतो – धूळ त्याच्या काचेवर जाते म्हणून. त्याला काय सांगू, माझ्या तर पोटात जाते.

राहुलला अकरा सीटांचं सांगितलं. राहुल महाडचा, त्यानेच मला इथे आणला. हसून हसून खाली बसला. मग सगळ्या गँगसमोर, "टीसीसाहेब, माझी पण एक खिडकीची बघा." आता सगळे मला टीसी म्हणतात. बिहारी पोरं पण.

७ एप्रिल, मंगळवार

खोटं मी बोललो नाही. खरं बोललो नाही एवढंच.

डिसेंबरमध्ये घरी एक फोटो पाठवला होता. डोक्यावर हेल्मेट, अंगात नारंगी जाकीट, पायाखाली रूळ. बाबांनी तो पोलादपूरच्या एसटी स्टँडवर सगळ्यांना दाखवला. "हृतिक रेल्वेत लागला." फोनवर मला म्हणाले, "चहावाल्यानं पैसे घेतले नाय रे आज."

तेव्हाच सांगायचं होतं. जीभच उचलली नाही. नववीत शाळा सोडली. मग महाडला कंपनीत चार महिने, कशेडीच्या हॉटेलात दोन, एका ट्रकवर क्लीनर पंधरा दिवस. कुठेच टिकलो नाही. कोणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "हाय कुठंतरी." पहिल्यांदा ते माझं नाव घेऊन बोलत होते. स्टँडभर झालं – मालोजीचा मुलगा रेल्वेत!

फेब्रुवारीत त्याच फोटोवर स्नेहलचं स्थळ आलं.

९ एप्रिल, गुरुवार

मुंबईवरून आज तीन आधार कार्डं आली, त्या अकरांतली. स्नेहलच्या बनुआत्याने मागच्या बाजूचाच फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय – कोट्यात टाक.

१२ एप्रिल, रविवार

सुट्टी गेली. सकाळी सहाला रिझर्वेशनच्या खिडकीसमोर उभा राहिलो. माझ्या आधी चाळीस जण. एका फॉर्मवर सहाच नावं बसतात म्हणून दोन फॉर्म भरले. वयं, नावं, म्हाताऱ्यांपुढे 'लोअर'. एकदा वय चुकलं, पुन्हा नवीन फॉर्म. आयुष्यात एवढं कधी लिहिलं नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी बटणं दाबली. "रिग्रेट."

"मतलब?"

"मतलब नहीं है. वेटिंग भी नहीं."

एक दिवस आधीचं बघा म्हटलं. रिग्रेट. दुसरी गाडी? वीरला थांबणाऱ्या गाड्याच किती! मी वाकून हळूच म्हटलं, मॅडम, कोटा वगैरे काही? तिने माझ्या हाताकडे बघितलं. नखांत डांबर. "आप रेलवे में हैं?"

मागचा माणूस ढकलत होता. बाजूला झालो. फॉर्म फाडले नाहीत, वहीत ठेवलेत.

१५ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी स्नेहलचा व्हिडिओ कॉल. ती महाडला मेडिकलमध्ये कामाला असते, दुकानातूनच केला. मी हेल्मेट काढलं, खांबाला पाठ लावून उभा राहिलो. बरी बोलत होती. अंगठीचं माप विचारलं. तेवढ्यात पुढच्या चौकातून ट्राम आली – ती लाइन अजून चालू आहे. घंटा वाजवत आली आणि नेमकी माझ्या मागे अडकली. पुढे रिक्षा.

स्नेहलने बघितलं. "ही तुमची रेल्वे?"

"हो."

"रिक्षाच्या मागं थांबलीय ती."

मी फोन कट केला. मग तिचा मेसेज – नेटवर्क गेलं का? मी लिहिलं, हो.

१८ एप्रिल, शनिवार

बाबांवर ओरडलो. त्यांनी भिकाजीमामांना सांगून टाकलंय, तिकिटं झाली म्हणून! मला म्हणे, "तू बसलायस ना तिकडं, मग झालीच की." मी म्हटलं, रोज काय तिकीट तिकीट, मी काय इंजिन घेऊन फिरतोय? म्हणाले, "साहेब कामात हायत वाटतं. ठेवतो."

खरं ऐकलं असतं तर एवढं लागलं नसतं त्यांना.

२० एप्रिल, सोमवार

एक म्हातारा रोज सकाळी येऊन फुटपाथवर उभा राहतो. धोतर, हातात छत्री. राहुल म्हणतो डोकं सरकलेला आहे. आज आमचा कटर दोन तास एका जागी अडला होता. म्हातारा आत आला, छत्रीच्या टोकाने रूळ दाखवला. "जोड़ यहाँ है. यहाँ से काटो." तिथून कापला, दहा मिनिटांत सुटला.

विचारलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाला, एकतीस वर्षं याच लाइनवर ट्राम चालवली. त्या जागी चाक रोज वाजायचं.

स्वतःची लाइन आम्हाला कापायला दाखवून गेला. दुपारी भात गेला नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या टपरीमागे उभं राहून. आधी बाबांना लावणार होतो, लावला मामांना. बाबांना लावला असता तर पुन्हा गिळलं असतं.

"मामा, तिकिटं नाय झाली."

"अजून वेळ हाय. साहेबाला बोल तुझ्या."

"साहेब नाय मामा. मी रेल्वेत नाय."

"म्हंजे? सोडलीस?"

"लागलोच नव्हतो. मी रस्त्यावरचे रूळ काढतो, ट्रामचे. ठेकेदाराकडं. बाबांना पण माहीत नाय, त्यांना काय बोलू नका."

त्यांच्याकडे कोंबडा ओरडत होता तो ऐकू येत होता. मग म्हणाले, "लावतो नंतर."

राहुल म्हणतो, तू येडा हायस. पगार काय कमी हाय काय, लग्नानंतर सांगायचंस. मी म्हटलं, आणि अकरा जणं वीरला कशी उतरवली असती?

२२ एप्रिल, बुधवार

फोन नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

नाही. स्नेहलला मेसेज लिहिला, पुसला.

२४ एप्रिल, शुक्रवार

बाबांचा आला. भिकाजीमामा पोलादपूरला आमच्या घरी येऊन गेले. चहा न घेता.

"मला आधी सांगायचं होतंस," बाबा म्हणाले.

"सांगितलं असतं तर फोटो दाखवला असतात एसटी स्टँडवर?"

फोन चालूच होता, दोघांनी पण ठेवला नाही. शेवटी आईने घेतला. "जेवलास काय?"

झालं. स्थळ गेलं. आता दासगावावरून एसटी गेली तरी मी खिडकीतून बाहेर बघणार नाही. खरं बोलून काय मिळालं? ब्रेकर आहे तोच, धूळ आहे तीच, आणि बाबांना स्टँडवर जायची चोरी झाली ती वेगळी.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी कपडे धुताना फोन वाजला. भिकाजीमामा. नमस्कार नाही, काही नाही.

"दोन महिने गावभर सांगत फिरलो जावई रेल्वेत. आता लोकांना काय सांगू ते माझं मी बघतो. स्नेहल बोलते तिला त्या बुधवारीच, फोनात ट्राम दिसली तेव्हाच कळलं होतं, तू कधी बोलतोस ते बघत होती. अकरा जणं एसटीनं येतील. तू कशानं येतोस ते सांग."

बादलीतलं पाणी वाहत होतं. नळ बंद करायचं सुचलं नाही.

अकरा जणांचे फॉर्म भरले. माझं स्वतःचं तिकीट काढलेलंच नाही.