लपवलेले टाके

ती. आईस, लांबूनच पाया पडते.

मला सातवा लागलाय. पाय जरा सुजतात, बाकी काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा, की परत सिझर? जुने टाके चांगले भरलेत, प्रयत्न करता येईल, पण ऑपरेशनची तयारी ठेवू म्हणाल्या. मी हो म्हटलं.

आई, त्यातलं 'परत' खरं आहे. थोरलीच्या वेळी माझं सिझरच झालं होतं. फोनवर तू आधी 'नॉर्मलच ना?' असं विचारलंस, आणि माझ्या तोंडून 'हो, नॉर्मल' निघून गेलं.

मग वहिनीचं सिझर झालं. तू तिला म्हणालीस, "माझ्या लेकीनं परक्या मुलखात कळा सोसल्या, तुला एवढं जमेना?" मी फोनवर ऐकत होते. वहिनी गप्प बसली. मीही गप्प बसले.

तू बाळंतपणाला आलीस की टाके दिसतीलच. त्याआधी हे पत्र वहिनीला वाचून दाखव. माझी तर तिच्याशी बोलायची हिंमत होत नाही.

सिझरनंतर ह्यांनी मला दोन महिने पाण्याची बादली उचलू दिली नव्हती. वहिनीची कोण उचलत होतं गं?

तुझी,
खोटं बोललेली लेक