मडक्याची काजळी

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी
संडासला काळं झालं. डांबरासारखं. कारण लगेच सापडलं. काल नागावला हिरामणकडे पोपटी होती. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरून जाळ केला की मडकं काळं होणारच. तीच काजळी पोटात गेली. खाल्ल्या चारच शेंगा. कोंबडीचा पीस हिरामणच्या आग्रहाखातर. पस्तीस वर्षं कंपनीत सेफ्टी सुपरवायझर होतो, घाबरत नाही. उद्यापासून कडक पथ्य.

मंगळवार, ६
अलिबागला डायलिसिस. सुई टोचण्याआधी क्रांती सिस्टर दर वेळी विचारते, काका, कुठून रक्त जातंय का, संडास काळी होते का? मशीनमध्ये रक्त पातळ करायचं औषध सोडतात, म्हणून. म्हटलं, छे. काजळी म्हणजे रक्त नव्हे, तेव्हा हे खोटं धरता येत नाही. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणून घेतो त्या गोळ्यांबद्दल तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बुधवार, ७
अजून काळं. काजळी चिवट असते. गुडघ्याच्या दोन गोळ्या घेतल्या. रविवारी आमच्या वाडीत माझ्या हातची पोपटी. मुंबईहून लेक येतेय, मृणाल, जावयासकट. मडक्यात भांबुर्डीचा पाला कसा कोंबायचा ते अख्ख्या थळमध्ये मलाच येतं. पण तासभर उकिडवं बसावं लागतं.

गुरुवार, ८
हिमोग्लोबिन नऊवरून साडेसात. सिस्टरला सहज विचारलं, आयर्नच्या इंजेक्शनने काळं होतं का? ती म्हणाली, ते शिरेतून जातं काका, पोटात नाही. तुम्हाला होतंय का? म्हटलं, जनरल नॉलेज. तिने डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, उद्या उपाशीपोटी या, पोटात दुर्बीण घालून बघू. हो म्हटलं. गेलो तर ॲडमिट करणार आणि रविवार बुडणार.

शुक्रवार, ९
गेलो नाही. चंदा म्हणाली, तुमचा तोंड चुन्यावानी पांढरा परलाय, सिस्टरला फोन लावू का? बायकोला दटावलं. जिन्यात दोनदा बसावं लागलं. पायऱ्या उंच आहेत, गवंड्याची चूक.

शनिवार, १०
डायलिसिसला दांडी. मशीन नाही म्हणजे रक्त पातळ करायचं औषधही नाही. उलट फायदाच. छातीत धडधड. लेक येणार म्हणून असेल.

रविवार, ११. दुपारी चार
शेंगा धुतल्या. मीठ, ओवा लावला. मडक्यापाशी बसलो तो उठता येईना. ठीक आहे, कामच बसायचं आहे. मृणाल सारखी बघतेय. घाबरलोय. नाही, थकलोय. पाच मिनिटं आडवा होतो.

बुधवार, १४. हॉस्पिटल
पोटात जखम होती. गोळ्यांनी केलेली. आठवडाभर रक्त वाहत होतं. दुर्बिणीतून क्लिप लावली, तीन पिशव्या रक्त चढवलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? म्हटलं, रविवारपासून. त्यांनी घरी उशाखाली असलेली ही वही पुढे धरली. चंदाने दिली होती. त्यांना तारखा हव्या होत्या.
सिस्टर म्हणाली, रक्त पातळ करायच्या औषधाशिवायही मशीन चालवता येतं काका. पहिल्याच मंगळवारी सांगितलं असतं तर तसंच चालवलं असतं. एवढंच होतं.
आज वही परत देताना चंदा म्हणाली, "तुमी जीवानिशी गेला असता, तं मना ह्या वहीतशी कललं असतं."