पाटाची साडी

१२ एप्रिल

अन् वरून तो साडीवालाच इचारते— "बिटिया की शादी है क्या, अम्मा?" अम्मा! त्याच्याच मिशा पांढऱ्या. गोंदियाच्या एवढ्या मोठ्या दुकानात, सारं गिऱ्हाईक बसलेलं, अन् माह्या तोंडून काय निघालं? "हाव." नवरी मीच आहे, एवढं सांगाले जीभच उचलली नाही. मग त्यानं पोरीचं वय इचारलं, रंग इचारला. सारं सांगतलं. मले पोरगी नाहीच, तरी तिले गोरी केली!

खुशी, भावाची पोरगी, बाजूले ओढणी तोंडात कोंबून हासून रायली होती. काही न घेता उठलो. बसमधे तिच्याशी बोलली नाही मी.

१३ एप्रिल

शेचाळीस वर्षाची बाई. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. होणारा नवरा बिसराम कामठ्याचा, त्याचीही बायको वारली, घरी धानाची शेती. भावानं इचारलं तवा मी सरळ हो म्हटलं. तवा नाही वाटली लाज. आता साडीचीच वाटते. काऊन?

१५ एप्रिल

खुशीनं आज दुसऱ्या दुकानात ओढत नेलं. "आत्या, यावेळी खोटं बोलली तर मीच सांगून देईन." तर बोलली मी. एकदम मोठ्यानं— नवरी मीच आहे! शेजारच्या दोघी वळून पाहाले लागल्या. मालकीण बाई मात्र हासली नाही. म्हणे, "तो फिर हल्का दिखाती हूँ."

जाळीची साडी टाचेच्या भेगेत अडकली. रेशमावर बोटं फिरवली तर धागे ओढले गेले— धान रोवण्याचे हात माहे. तयार ब्लाऊज पाठीमागून हुकाचे, अन् माहा खांदा मागं जातच नाही. त्यात अंगातून आग निघाली, तिथंच पंख्याखाली बसली. खुशीनं पदरानं वारा घातला. मेल्यावानी झालं.

शेवटी सुती निघाली. पिवळी, बारीक लाल काठाची. नरम. भाव आपल्या आवाक्यातला. ब्लाऊज समोरच्या हुकाचं शिवून देते म्हणाली. आरशात पाह्यलं— मले मी आवडली! लगेच पदर ओढून काढला. कोणी पाह्यलं तर?

घेतली.

१६ एप्रिल

वहिनीनं पेटी उघडली. "पिवळी? पाटाले पिवळी? गीताबाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. दिवस बुडाल्यावर, मागच्या अंगणात, चार माणसात उरकायचं. मांडव नाही, वाजा नाही, हळद नाही. पिवळी कुवारीनं नेसायची. मले काय माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी घेतली. तोंड खाली घालून भांडे घासले.

१७ एप्रिल

दार लावून नेसली. सोडली. परत नेसली.

२० एप्रिल

खुशीनं मले न इचारता साडीचा फोटो बिसरामले पाठवला! कान पिळला तिचा. सांजच्याले त्याचा फोन.

"साडी चांगली आहे. पण बहीण म्हणते, बदामी रंगाची पाहा. सुनेले लाज वाटते."

"सुनेले का तुमाले?"

म्हणे, "कशाले वाढवता गोष्ट? अंधारात कोण पाहून रायलं साडी?"

मी इचारलं, तुमी काय घालाल? तर माणूस खुलला! नवा कुर्ता, गुलाबी फेटा. "अन् सकाळी पोरं हळद लावतीन. सोडत नाही ते."

म्हणजे त्याचं लग्न. माहा पाट. त्याचीही दुसरीच वेळ आहे ना! पण हे मी बोलली नाही. "बरं" म्हटलं अन् फोन ठेवला. बरं! स्वतःच्याच तोंडात मारावंसं वाटलं.

२१ एप्रिल

वहिनी बदामी साडी घेऊन आली, तिची जुनी. पाय पसरून बसली. "नेसा मुकाट्यानं. या वयात कोणी नेते, हेच लय झालं." मी घडीही मोडली नाही. रडली. तिच्यासमोर रडली, त्याचीच जास्त लाज वाटली.

२२ एप्रिल

फोन मीच लावला. म्हटलं, "बिसरामजी, हळद लागन तर दोघाले. दिवसा, मांडवात, सुनेसमोर, बहिणीसमोर. नाही तर मी येत नाही." तो म्हणे, "लोकं काय म्हणतीन?" म्हटलं, "लोकाईचं मी नाही इचारलं. तुमचं सांगा. हाव का नाही— शुक्रवारपर्यंत."