उघड्या झाकणाचा डबा

कॅसल क्रीक, साउथ डकोटा
१४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार

प्रिय कर्ट,

तू, डॅना आणि ब्रिन ठीक असाल. इथे पहिला बर्फ पडून विरघळला आणि अंगणात चिखल झाला आहे. माझी शाळा चालू आहे. गुडघा थोडा कुरकुरतो, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. बाबांच्या अंत्यविधीला आला नाहीस याचं कारण तू दिलं नाहीस, मीही विचारत नाही. चर्चच्या तळघरात नेहमीसारखी हॅमची सँडविचं होती आणि व्हर्ना क्रोगने तीन ट्रे भरून खजुराच्या वड्या आणल्या होत्या. पलीकडच्या रँचवरचा आर्लो टिमरमन माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "तुझा बाप वाऱ्याला विचारल्याशिवाय कॉफीसुद्धा ढवळत नसे." सगळे हसले. मीही हसले आणि मग मला बाथरूममध्ये जावं लागलं.

शेडमधलं काडतुसं भरण्याचं सगळं सामान कचऱ्याच्या खड्ड्यात टाकून दे, असं तू लिहिलं आहेस. "माझा डोळा ज्या बाकावर गेला तो बाक मला जगात नको आहे," हे तुझं वाक्य मी पुष्कळदा वाचलं. बाबांनी अकरा वर्षांत त्या बाकाला हात लावला नव्हता, हे तुला ठाऊक नसेल. तुझ्या अपघातानंतरच्या आठवड्यात त्यांनी बंदुकीच्या पावडरचे सगळे डबे माळावर ओतून जाळले, पुंगळीत गोळी दाबून बसवण्याचं यंत्र आर्लोला देऊन टाकलं, आणि त्यानंतर दुकानातली काडतुसंही कधी विकत घेतली नाहीत. कायोटी कोल्हे वासरांभोवती फिरायचे तेव्हा बाबा दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे.

मी अजून काही टाकलेलं नाही. बाकाच्या खणात त्यांची वही सापडली. तुझ्या बंदुकीसाठी त्यांनी अपघाताआधीच्या हिवाळ्यात काय काय करून पाहिलं, ते सगळं तिच्यात आहे. हलकी गोळी त्यांनी आधी बाद केली: "प्रेअरी डॉगसारख्या बिळातल्या छोट्या जनावराला ठीक, वाऱ्यात वाहवते." मग जड गोळी. मग त्या गोळीसाठी चार पावडरी, प्रत्येकीची पाच पाच काडतुसं, कुठल्या दिवशी किती थंडी, किती वारा. फेब्रुवारीच्या एका पानावर कागदाचं निशाण चिकटवलेलं आहे. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातात. खाली लिहिलं आहे, "कर्टला हीच." तू वसंतात वासरांच्या वेळी घरी येणार म्हणून त्यांचा सगळा हिवाळा त्यात गेला.

हे तुला सांगते आहे, कारण पुढचं सांगायला मला धीर हवा आहे.

अपघाताआधीचा तो शनिवार तुला नीट माहीत नाही. तू रविवारी सकाळी पोचलास. मी आदल्या दिवशीच आले होते आणि बाबांबरोबर शेडमध्ये बसले होते. आधी आम्ही त्यांच्या छोट्या बावीस कॅलिबरच्या बंदुकीची काडतुसं भरत होतो. त्या काडतुसांची पितळी पुंगळी करंगळीच्या पेराएवढी, तिला झपाट्याने जळणारी पावडर लागते. तुझ्या बावीसची गोळी तेवढ्याच जाडीची, पण पुंगळी कितीतरी मोठी, तिला सावकाश जळणारी लागते. दोन्ही पावडरी दिसायला सारख्याच, काळपट, खसखशीसारख्या. म्हणून बाबांचा नियम होता: बाकावर एका वेळी एकच डबा. मापाच्या नळकांड्यात उरलेली पावडर आधी तिच्या डब्यात परत, झाकण बंद, डबा फळीवर, आणि मगच दुसरा डबा खाली. तू हा नियम लहानपणी त्यांच्या आवाजाची नक्कल करून म्हणायचास.

अडलेली कालवड बघायला आर्लोने हाक मारली आणि बाबा गेले. मला वाटलं, ते परत यायच्या आत तुझ्या काडतुसांची तयारी करून ठेवावी. मी तुझा डबा खाली काढला, उघडला. मग लक्षात आलं की नळकांड्यात छोट्या बावीसची पावडर अजून अर्ध्याहून जास्त आहे. मी नळकांडं काढलं आणि ज्या डब्याचं झाकण उघडं होतं त्यात, तुझ्या डब्यात, ओतलं.

मला काही वाटलं नाही. झाकण लावलं, बाकावर फडका मारला. बाबा हात धुऊन आले आणि म्हणाले, "बघा, कॉलेजात शिकलेली माणसं किती नीटनेटकी." मग त्यांनी तुझ्या डब्यातून, वरच्या थरातून, एकेक भरणा तराजूवर तोलून तुझी वीस काडतुसं भरली. वजन अचूक होतं, पण त्यातली बरीचशी पावडर झपाट्याने जळणारी होती, आणि म्हणूनच बंदूक तुझ्या डोळ्यासमोर फुटली.

कर्ट, ती चूक माझी होती.

मी रसायनशास्त्र शिकवते. दर सप्टेंबरला मुलांना पहिल्या तासाला सांगते, उरलेलं कधीही बाटलीत परत ओतू नका. अपघातानंतरही दरवर्षी सांगत आले आहे, आवाज न कापता.

हे मला कधी कळलं, ते तू विचारशील. इस्पितळाच्या बाहेरच्या खोलीत, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी. बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "मीच डबा चुकलो असणार." त्या क्षणी मला नळकांडं आठवलं. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात डॉक्टर आले, आणि ते गेल्यावर मी उघडलं नाही. त्या दिवसाची डायरी मी काल काढून पाहिली. तिच्यात तुझ्या डोळ्याबद्दल दोन पानं आहेत आणि नळकांड्याबद्दल एक शब्द नाही. इतकी वर्षं मी रोज रात्री स्वतःशी प्रामाणिक राहण्यासाठी लिहिते, अशी माझी समजूत होती.

घाबरून एक दिवस गप्प राहणं कुणालाही समजेल. पण तू बाबांचे फोन घेणं बंद केलंस तेव्हा मी गप्प होते. ब्रिन झाली, नऊ वर्षांची झाली आणि आजोबांना एकदाही भेटली नाही, तेव्हाही. बाबा नाताळला तिच्यासाठी पाकीट तयार करायचे आणि माझ्याकडे द्यायचे, "तुझ्या नावाने पाठव." मी पाठवत होते. तिच्या आभाराच्या चिठ्ठ्या मला आल्या आहेत.

बाबांना मी सांगितलं, अगदी शेवटी, ते जाण्याच्या तीन दिवस आधी, दुपारी. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी विचारलं, "नळकांड्यात किती होती?" मी म्हटलं, अर्ध्याहून जास्त. "आणि डबा कितपत भरलेला?" मी सांगितलं. ते डोळे मिटून हिशेब करत राहिले, ओठ हलत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याच्यासाठी निवडलेली पावडर बरोबर होती."

एवढंच. ते रडले, पण चेहरा मोकळा झाला होता. अकरा वर्षं मी त्यांच्याकडून काय काढून घेतलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. "कर्टला सांगू नकोस, पोरी. बापावरचा राग त्याच्या अंगवळणी पडलाय. बहिणीवरचा त्याला नव्याने करावा लागेल."

मी हो म्हटलं. गेले तीन आठवडे मी मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द पाळते आहे, असं स्वतःला सांगत होते. पण तो शब्द मला फार सोयीचा होता, आणि इतका सोयीचा शब्द पाळण्यात कसला सद्गुण? तुझं पत्र आलं नसतं तर मी तो जन्मभर पाळला असता, हेही खरं आहे. त्यांनी तुझ्यासाठी मागितलं की माझ्यासाठी, हे मला ठरवता आलेलं नाही. काहीही असलं तरी त्यांना ते मागण्याचा अधिकार होता, मला गप्प राहण्याचा नव्हता.

तुझ्याकडून क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. मागितली तर तुला पुन्हा काहीतरी द्यावं लागेल, आणि तू पुरेसं दिलं आहेस. वही या पाकिटात घातली आहे. बाक मी तोडणार नाही. तो तोडायचा असेल तर तू येऊन तोड. मी त्या दिवशी घरी नसेन, किल्ली आर्लोकडे असेल. आणि जमलं तर ब्रिनला सांग, ती पाकिटं आजोबांची होती.

या पत्राला उत्तर आलं नाही, तर ते का आलं नाही हे मला समजेल.

पुढचा शब्द लिहिण्याचा हक्क मला आहे की नाही, ते आता तू ठरवायचं आहेस. तोवर सवयीने लिहिते,

तुझी बहीण,
जनेल