दादाचा जुना एडिटर आणि माझं ऑपरेशन

मी, खाली सही करणारी, वैद्यकीय यंत्रांचे प्रोग्राम लिहिणारी, विवाहित, एका मुलीची आई, हे इच्छापत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. भीती मात्र आहे. परवा माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे आणि ते पुढे ढकलू नका असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या पतीस मिळावा. बाल्कनीच्या दाराची कुरकुर त्यांनी आता तरी बंद करावी. "उद्या बघतो" म्हणत त्यांनी मुलगी शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत वेळ काढला.

२. बँकेतील शिल्लक व दागिने मुलीस मिळावेत. बांगड्या मोडून तिला कुठे फिरून यायचं असेल तर खुशाल यावं. माझी नणंद नाक मुरडेल. तिकडे लक्ष देऊ नये, मीही कधी दिलं नाही.

३. माझा लॅपटॉप, त्यात बसवलेल्या नव्या डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटसह, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या साधनासह, माझ्या थोरल्या भावास मिळावा. अट एकच, त्याने तो वापरावा.

आम्ही दोघं एकाच कंपनीत शेजारशेजारच्या टेबलांवर बसतो. दादा अजूनही कॉलेजात शिकलेल्या एडिटरमध्येच प्रोग्राम लिहितो. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसला हात लावायचा नाही. त्याची बोटं चालताना नवी पोरं बघत उभी राहतात. पण त्याला समोर दिसते ती फक्त उघडलेली फाइल. बाकीचा प्रोग्राम त्याच्या डोक्यात. माझ्याकडचं साधन अख्खा प्रोग्राम वाचून घेतं आणि एखादी गोष्ट कुठं कुठं वापरली आहे ते क्षणात पुढं मांडतं. हे त्याला पटवताना माझ्या नाकी नऊ आले.

"दादा, एकदा वापरून तर बघ."

"मला पांगुळगाडा नको, छोटे."

"तू पडलास तर लागणार दुसऱ्याला."

"आजवर पडलोय का?"

नाही पडला. म्हणून तर तो माझं ऐकत नसे.

गेल्या महिन्यात भूल देणाऱ्या पंपाच्या प्रोग्राममध्ये औषधाचा वेग मिनिटाऐवजी तासाच्या हिशेबात आणायचा होता. तो बदल दादाने आठवणीवर केला. चाचण्याही त्यानेच लिहिल्या, त्याच आठवणीवर, मग त्या पास होणारच. "सगळीकडे बदललंस?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "डोळे मिटून सांगतो." आणि त्याने खरंच डोळे मिटले.

काल तपासणीला गेले तेव्हा भूलतज्ज्ञ बाईंनी धीर यावा म्हणून मला ऑपरेशनची खोली दाखवली. टेबलाशेजारी आमचाच पंप होता. "यात अगदी नवा प्रोग्राम आलाय, निश्चिंत राहा," त्या म्हणाल्या. एक जागा जरी राहून गेली असेल तर तासाभराचं औषध मिनिटात अंगात जाईल, आणि मला ओरडताही येणार नाही. मी रजेवर असल्याने कंपनीने माझा प्रवेश बंद केला आहे. प्रोग्राम दादालाच उघडता येतो. फोन केला तर म्हणाला, "घाबरली आहेस, म्हणून काहीतरी सुचतंय." घाबरले आहेच. मला मरायचं नाही.

४. हे कलम नंतर लिहीत आहे. दादा साक्षीदार म्हणून सही करायला आला आणि वरचं सगळं उभ्यानेच वाचलं. इच्छापत्रासाठी घरी आलेल्या वकीलबाई त्याला म्हणाल्या, "ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार होऊ नये. सही करा, नाहीतर लॅपटॉप घ्या. तोही बहीण गेल्यावरच मिळेल."

दादाने पेन खाली ठेवलं. "लॅपटॉप आत्ता दे," म्हणाला.

जेवणाच्या टेबलावर त्याने स्वतःच्या पासवर्डने प्रोग्राम उघडला. वेग जिथं जिथं वापरला आहे त्या जागा पडद्यावर ओळीने आल्या. तो पुटपुटत एकेक पाहू लागला. मधेच थांबला.

"हे कुठलं?"

"अलार्म वाजून पंप थांबला, की पुन्हा सुरू करतात ना, ते."

"हे मी बदललेलं नाही, छोटे." त्याने खुर्ची मागे सारली. "भूलतज्ज्ञ बाईंना फोन लाव. सगळ्या पंपांचा वापर थांबवायला सांग."

मी लावला. पुन्हा लावला. यावेळी बाई ऑपरेशनच्या खोलीत दुसऱ्या कोणाला भूल देत असतात आणि फोन बाहेर ठेवतात. हॉस्पिटलचा नंबर व्यस्त होता. दादा चप्पल न घालता जिना उतरून हॉस्पिटलकडे धावत गेला. जाता जाता तो कंपनीला फोनवर ओरडून सांगत होता ते तो खाली पोचेपर्यंत ऐकू येत होतं.

लॅपटॉप मी दादाला हयातीतच दिला आहे, सबब कलम ३ रद्द समजावं. बाकी मजकूर कायम. ही सही मी एका हाताने करत आहे. दुसऱ्या हातात फोन आहे. पलीकडे, हॉस्पिटलात, वाजतो आहे, अजून कोणी उचललेला नाही.

सही: (इच्छापत्र करणारी)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. वकीलबाई
२. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन

स्थळ: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
दिनांक: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, सकाळी