बिनपत्त्याचं फूल

४ ऑगस्ट, सोमवार. कामरगाव
वही, माफ कर. एप्रिलपासून लिहिलं नाही. चष्म्यामुळे. आज संघदीपचं पाकीट आलं. चिठ्ठी नाही, त्याचा पत्ता नाही, शिक्का पुसट. कागदात दाबलेलं एक फूल, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. कागदावर पोराच्या हातचं एकच वाक्य: बर्फाच्या कडेला उगवते. बस झालं. फुलाचं नाव कळलं की ते कुठं उगवतं ते कळेल, तिथंच पोरगा असेल. आठ दिवसांत जाऊन घेऊन येतो.

५ ऑगस्ट
अभ्यास सुरू. पाच पाकळ्या, गुलाबी, मधे पिवळा ठिपका. बुडाशी पानांची चकती, तिच्यावर लव. लव तिळालाही असते. म्हणून तिळाचं कुळ ठरवलं. सातवीत सायन्समध्ये मी वर्गात दुसरा होतो. बायको चंपाबाई म्हणे, फुलाले काय पाहून राह्यले, पोराले काय बोलले ते आठवा. काही बोललो नाही. भरतीत तिसऱ्यांदा राहिला तेव्हा एवढंच म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नको. बाप म्हणतोच. बसस्टँडवर चार माणसं ऐकत होती, त्याला मी काय करू?

९ ऑगस्ट
हवा दमट. बुरशी लागली तर? मुंग्यांनी नेलं तर? सोमवारी कारंजाला जाणारच.

११ ऑगस्ट
कारंजा. आधी फूल पक्कं करून घेतलं. लॅमिनेशन, आधार कार्डाला केलं तसं. दुकानदार गुलाबसिंग म्हणे, आबा, मशीन गरम राह्यते, फुलाचा पापड होईन. मी म्हटलं, तू तुझं काम कर. पापड झाला. गुलाबी होतं तिथं चहाचा डाग. पण आता पाण्यात पडलं तरी भीती नाही.

१३ ऑगस्ट
पुन्हा कारंजा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे ते इंद्रभान सर भेटले. भिंगातून पाहिलं. म्हणे, तिळाचा काही संबंध नाही. पानांवरून कुळ प्रिम्युलेसी, प्रजाती अँड्रोसेस. पुढची जात सांगाले फूल उघडून आत पाहा लागते, अन् काका, तुमी तर सीलबंद करून आणलं. फुलालाही कुळ आणि जात! मला ते आवडलं नाही. विचारलं, हे कोणत्या गावाला उगवतं? म्हणे, काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत कुठंही. चला, हद्द तर ठरली.

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळी ८
काश्मीरकडून सुरुवात करायची. चंपाबाईला स्वेटर काढायला सांगितलं.

दुपारी ३
तिनं काढला नाही. खाली बसली. म्हणे, अवो, राहू द्या आता. तो दर इतवारी आपल्या रूपाच्या फोनवर बोलते. रस्त्याच्या कामावर हाये, जेवते बरोबर. म्हणून मी इंझोरीले लेकीकडं जातो. फूल मीच मांगलं होतं, तिकडं काय उगवते ते पाहाले. गाव मले मालूम हाये, पण बाबाले सांगू नको म्हणला.
मी विचारलं, मग मला पंधरा दिवस कायले पळवलं?
म्हणे, तुमी त्याचं नाव घेऊन राह्यले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा. मले बरं वाटे.
तिनं फूल माघारी मागितलं. दिलं. उजेडाला धरून पाहत राहिली. मग बारा वाजताच्या जीपनं इंझोरीला गेली. चला म्हणाली नाही. माझीही तब्येत बरी नव्हती.
आता त्यांचं बोलणं सुरू असेल.
संघदीप, माझा नंबर तोच आहे. गावाचं नाव नको सांगू. बोलूही नको, मलाच काय बोलावं ते सुचणार नाही. नुसती एक रिंग दे. पुढच्या रविवारची वाट नको पाहू. लवकर दे.